थिनरमध्ये गेलेले नऊ भाग

१९६७ सालच्या सप्टेंबरात, एका मंगळवारी दुपारी, माझ्या थोरल्या भावाने प्लास्टिकच्या एका छोट्या विमानाचे नऊ सुटे भाग वाटीभर थिनरमध्ये धुवायला टाकले. पंधरा मिनिटांनी वाटीत भाग नव्हते. तळाशी करडा, चिकट लगदा होता.

त्या विमानावर त्याची नोकरी ठरायची होती.

आम्ही लोणावळ्यात तुंगार्लीच्या वाटेवर राहत होतो. घर तीन खोल्यांचं, वडिलांनी बांधलेलं. वडील रेल्वेत होते. ते गेल्यावर त्यांच्या जागी भावाला इंजिनांच्या लोको शेडमध्ये खलाशी, म्हणजे मिस्त्रीच्या हाताखालचा मदतनीस, म्हणून घेतलं. सप्टेंबरात त्याला तेविसावं वर्ष चालू होतं. मी अकरावीत, म्हणजे तेव्हाच्या मॅट्रिकच्या वर्गात होते. आई मावळातल्या बेडशाची, तिचं बोलणं शेवटपर्यंत तिकडचंच राहिलं.

तिसरी खोली आम्ही भाड्याने देत असू. तिथे दोन वर्षं नौदलातले एक मेकॅनिक राहिले. आम्ही त्यांना काका म्हणत होतो. गावाजवळच्या प्रशिक्षण केंद्रात मॉडेल रूम नावाचा एक लहान विभाग होता. शिकायला आलेल्या मुलांना दाखवण्यासाठी पंप, झडपा, बॉयलर यांच्या प्रतिकृती तिथे लाकडात आणि पत्र्यात बनत. काकांचं काम तिथे होतं.

घरी आल्यावरही काका तेच करत. जहाजावर असताना त्यांनी परदेशी बंदरांतून प्लास्टिकच्या विमानांचे संच आणले होते. खोक्यावर ढगांतून झेप घेणाऱ्या विमानाचं रंगीत चित्र असे, आत विमान नसे. चाळीस-पन्नास सुटे भाग असत, सगळे एका करड्या सांगाड्याला कैऱ्या लागाव्यात तसे लागलेले. भाऊ त्या सांगाड्याला फांदी म्हणायचा. फांदीवरून भाग कापायचा, दाढीच्या पात्याने त्याची कड साफ करायची, छापील कागदावरचा आकडा बघून तो दुसऱ्या भागाला चिकटवायचा. अशी तीन तयार विमानं काकांच्या खोलीत आढ्याला दोऱ्याने टांगलेली होती. खिडकीतून वारा आला की तिन्हींची तोंडं एकाच बाजूला वळत.

आई केर काढताना वर बघून म्हणायची, "येवढा बाप्या, आन् खेळनी टांगून झोपतोय."

काकांकडे पत्र्याच्या डब्यात बोटाएवढे प्लास्टिकचे सैनिकही होते. मला विमानांपेक्षा त्यांचं कुतूहल अधिक होतं, कारण माझ्याकडेही सैनिक होते. माझे मातीचे होते. दिवाळीच्या किल्ल्यावर मांडायचे मावळे, तोफवाले, पहारेकरी, एखादा वाघ. किल्ला मोडला की आळीतली मुलं ही चित्रं तिथेच टाकून देत. मी ती उचलून आणायची, पुसायची आणि बुडाला शाईने साल आणि कुठल्या कुंभाराची ते लिहायची. त्या साली माझ्याकडे छप्पन्न चित्रं होती. काकांनी एकदा एका मावळ्याच्या बदल्यात मला एक सैनिक दिला. मी दोघांची तुलना केली. सैनिक बादलीत तरंगला. दुसरा एक मावळा टाकून पाहिला, तो बुडाला आणि पाणी लाल झालं. सैनिकाच्या दोन्ही कुशींवरून डोक्यापासून पायापर्यंत एक बारीक रेघ गेली होती. मावळ्यांच्याही अंगावर तशी रेघ होती. दोघंही दोन तुकड्यांच्या साच्यातून निघाले होते, हे मला काकांनी सांगितलं.

ऑगस्टच्या शेवटी काकांची बदली जहाजावर झाली. त्यांची जागा रिकामी होणार होती आणि मॉडेल रूमच्या साहेबांना स्थानिक माणूस चालणार होता. काकांनी भावाचं नाव सांगितलं. साहेब म्हणाले, नकाशा बघून काम करता येतं का, ते आधी दाखवा. निघायच्या आदल्या दिवशी काकांनी एक न उघडलेलं खोकं भावाच्या हातात दिलं.

"हे कागदाप्रमाणे जोड आणि दसऱ्यानंतरच्या सोमवारी साहेबांना नेऊन दाखव. मी बोललोय. घाई करू नकोस. कागद नीट वाच."

"कागद इंग्रजीत हाय, काका."

"मग बहीण कशाला आहे?"

कागद मी वाचायचा आणि हात त्याने चालवायचे, असं ठरलं. काका बुधवारी गेले. त्यानंतर त्यांना काही विचारायची सोय राहिली नाही.

धुण्याचा निर्णय भावाचा होता आणि त्याला कारण होतं. शेडमध्ये चार वर्षं तो धुण्याचंच काम करत होता. मिस्त्री इंजिनातला भाग उतरवून त्याच्याकडे देई. तो भाग रॉकेलमध्ये घासायचा, कॉटन वेस्टने, म्हणजे सुताच्या गुंत्याने, पुसायचा आणि गोणपाटावर ओळीने मांडायचा. जोडण्याचं काम मिस्त्रीचं. दाबमापकासारखे नाजूक भाग असले तर रॉकेलऐवजी थिनर वापरत. धुतल्याशिवाय काही बसवायचं नाही, हा शेडचा पहिला नियम होता, आणि भावाला शेडने शिकवलेली ही एकच गोष्ट होती.

मी कागद पुन्हा वाचून म्हणाले, "यात धुवायचं कुठे लिहिलेलं नाही."

"लिहीत न्हाईत. ते धरूनच चालत्यात."

हमरस्त्यावरच्या गॅरेजमधल्या पेंटरकडून त्याने औषधाच्या बाटलीत थिनर आणलं. शेडच्या पद्धतीप्रमाणे भागांचे गट केले. पहिला गट सर्वांत बारीक भागांचा: पंखा, दोन चाकं, चाकांचे दोन दांडे, शेपटीखालचं चाक, धूर सोडणाऱ्या दोन नळ्या आणि वैमानिक. हे नऊ भाग त्याने ॲल्युमिनियमच्या वाटीत टाकले, वर थिनर ओतलं आणि अंगणात हातपाय धुवायला गेला. मी आत अभ्यास करत होते.

वासाने आई बाहेर आली.

"काय शिजवलंस रं?"

भाऊ वाटीत काडी फिरवत होता. "पायलट," तो म्हणाला.

पंख्याच्या एका पात्याचं टोक तेवढं ओळखू येत होतं. वैमानिकाचं डोकं चाकाला लागून त्याच्यात मुरलं होतं. आईने वाटी उचलून उजेडात धरली. "आता सायबाला काय दावनार?" भाऊ काडी वर उचलत होता. लगद्याची तार निघाली, हातभर लांब झाली आणि हवेतच वाळली. त्याने ती बोटांत धरून मोडली. टक्‌ असा आवाज आला.

"हे बघ," तो मला म्हणाला. "परत घट झालं."

मग त्याने उरलेल्या लगद्यावर अंगठा दाबला. दुसऱ्या दिवशी सकाळी शेडला जाण्याआधी त्याने वाटी मला दाखवली. लगदा दगडासारखा झाला होता आणि त्यावर अंगठ्याच्या रेषा मोजता येतील इतक्या स्पष्ट उठल्या होत्या.

दसरा चार आठवड्यांवर होता. पैकी पहिला आठवडा आम्ही विमानाला हात लावला नाही. थिनर कशाकशाला विरघळवतं, हे भावाला पाहायचं होतं. तो दोन वाजता शेडमधून आला की घरातली एकेक वस्तू वाटीत पडे. मी एका वहीत वस्तूचं नाव, वेळ आणि काय झालं ते लिहीत होते. कंगव्याला दोन तासांत काही झालं नाही. सदऱ्याच्या बटणालाही नाही. दात घासायच्या ब्रशचा दांडा पांढुरका झाला, पण मऊ झाला नाही. विमानाच्या रिकाम्या फांदीचा तुकडा दहा मिनिटांत वाकला आणि वीस मिनिटांत बसला. साबणाच्या नारंगी डबीच्या झाकणाचा कोपरा तसाच बसला.

ते झाकण आईचं होतं. साबण उघडा पाहून तिने विचारलं, "झाकान कुटं गेलं?"

"परीक्षेला बसलंय," भाऊ म्हणाला.

"पास झालं तर परत आनून दे. न्हाईतर तुलाच साबनावर झाकते."

तिने झाकण परत मागितलं ते शेवटचं. घरात फांदीच्या जातीची एकच वस्तू होती आणि ती म्हणजे हे झाकण, इतकं आम्हाला कळलं. दुसरंही एक कळलं. खोक्यातली चिकटवायच्या द्रावाची नळी आतल्या आत वाळून खडू झाली होती, त्याची आम्हाला पहिल्या दिवसापासून काळजी होती. भावाने फांदीचा कीस थिनरमध्ये मुरवला. गव्हाच्या खळीसारखा दाट द्राव झाला. तो लावून दोन तुकडे दाबले की ते चिकटत नसत, एकमेकांत जात. वाळल्यावर जोड मोडायचा प्रयत्न केला तर मोड दुसरीकडे पडे. मी वहीत तसं लिहिलं.

हरवलेल्या भागांची मापं काढायची होती. कागदावर प्रत्येक भागाचं चित्र होतं, पण लहान करून काढलेलं. भावाने खरा पंख फूटपट्टीने मोजला, मग चित्रातला मोजला.

"ह्यो येवढ्याचा तेवढा. तर पंखा केवढ्याचा केवढा?"

"त्रैराशिक आहे," मी म्हणाले.

"असंल. तू कर."

मी आठ भागांची मापं काढून दिली. चाकांचे दांडे त्याने फांदीचे केले. चिमणीच्या काचेवर लांबून धरून शेकले की ते हवे तसे वाकत. धुराच्या नळ्याही फांदीच्याच. चाकांना जाडी हवी होती, म्हणून झाकणाचे तीन-तीन चौकोन एकावर एक जोडले, पाट्याखाली रात्रभर दाबून ठेवले आणि खिळ्यावर अडकवून कानशीवर गोल केले. पहिली दोन चाकं फुटली. पंखा चौथ्या खेपेला जमला. त्याची तीन पाती सारख्या वजनाची आहेत का, हे तो पंखा सुईवर अडकवून पाहत असे. जड पातं खाली येऊन थांबलं की त्या पात्याला पुन्हा कानस. हे त्याला कोणी शिकवलेलं नव्हतं. शेडमध्ये पंखा कुठेच नव्हता. मी विचारलं तर म्हणाला, "खाली जातंय म्हंजे जड हाय. त्यात शिकायचं काय?"

वैमानिक राहिला. तो पाऊण इंचाचा होता आणि बसलेला होता. फांदीतून कोरायचे भावाने तीन प्रयत्न केले. तिसरा मी पाहिला. तो माणूस वाटत नव्हता.

"वैमानिकाशिवाय चालेल," मी म्हणाले.

"कागदावर हाय नं? मंग पायजे."

माझ्या छप्पन्न चित्रांपैकी सर्वांत लहान जी होती, अंगठ्याच्या पेरापेक्षा लहान, त्या सहांच्या बुडाला मी 'सोमाटणे' असं लिहिलेलं होतं. पुढच्या रविवारी आम्ही शटल गाडीने तळेगावला उतरलो आणि तिथून चालत सोमाटण्याला गेलो. कुंभाराचं घर हमरस्त्यालगत होतं. मोठी भांडी घरधनी करत आणि चित्रं त्यांची बायको करे. पन्नाशीची, हातभर चिखलाची. दिवाळीची तयारी सुरू झाली होती. पडवीत फळीवर शंभरेक कच्चे मावळे वाळत होते.

भावाने कागदावरचं चित्र दाखवलं आणि वितळलेल्या वैमानिकाचा लगदाही.

"मावशी, असला एक पायजे. येवढा."

तिने आधी लगदा घेतला. "ह्यो मेला कशानं?"

"धुताना."

"लय मळला व्हता व्हय?" ती हसली. मग चित्र जवळ धरलं. "काय करतो ह्यो?"

"विमान चालवतो."

"ते न्हाई. उभा हाय का बसलाय? हातात काय हाय?"

"बसलाय. हात मांडीवर."

"नुसता बसतो? मंग पाटील हाय की. डोक्याला मुंडासं?"

"टोपी. कानावर येती ती."

"माकडटोपी म्हन."

तिने छोट्या बोराएवढा गोळा घेतला. बाभळीच्या काट्याने तिने पाय दुमडले, हात मांडीवर आणले, टोपीची कड वळवली. त्याला पाच मिनिटंही लागली नसतील. मी विचारलं, माप बरोबर आहे का, कारण मला तो मोठा वाटत होता.

"वाळला की आवळंल. जळला की आनिक आवळंल. तवा तुज्या मापाला यील." तिने आणखी दोन केले. "तीन करते. आव्यात येक तडकंल, येक हरवंल. येक तुमचा."

तिसऱ्याचं तोंड करून झाल्यावर भावाने वाकून पाहिलं. "मावशी, ह्याला मिशा हायेत."

"मंग? माज्या हातच्या समद्या बाप्यांना असत्यात."

"चित्रात न्हाईत."

"चितारनारा इसरला आसंल," ती म्हणाली आणि तिघांनाही फळीवर ठेवून दिलं.

निघताना तिने फांदीचा एक तुकडा मागून घेतला. दाताखाली धरून पाहिला, नखाने ओरखडला.

"ह्ये भाजल्यावर काय हुतं?"

"वितळतं," भाऊ म्हणाला.

"म्हंजे कच्चंच हाय अजून." तिने तुकडा परत दिला.

आवा, म्हणजे मातीकाम भाजायची भट्टी, लागायला पाऊस उघडायची वाट पाहावी लागली. भाऊ दसऱ्याच्या आदल्या शुक्रवारी पुन्हा सोमाटण्याला जाऊन आला. तिघांपैकी एक तडकला होता. दोन त्याने आणले. एक विमानातल्या बैठकीत बसला नाही. दुसरा बसला.

विमान रंगवायचं होतं. खोक्यावरच्या चित्रात ते हिरवं-तपकिरी होतं. ट्रंका रंगवणाऱ्याकडून भावाने दोन रंग आणले, पण या वेळी आधी फांदीच्या तुकड्यावर लावून पाहिले. पंधरा मिनिटांत तुकड्यावर सुरकुत्या आल्या. रंगात थिनर होतं. थिनर नसलेला तेलाचा रंग मिळाला, तो चार दिवसांनीही बोटाला लागत होता. सोमवार तीन दिवसांवर आला होता.

आईचं म्हणणं होतं की काहीही करून रंग लाव. "नारिंगी च्याकं दिसली तर सायेब इचारंल. मंग सांगावं लागंल."

"इचारंल तर सांगीन."

"धुताना इतळवलं म्हनून सांगशील? धुन्याचं काम करनारा, आन् धुताच येत न्हाई?"

भाऊ म्हणाला, रंग ओला असताना नेला तर हात लावताच निघेल, मग त्याहून वाईट. विमान बिनरंगाचं राहिलं. अंग करडं, पंखा आणि चाकं साबणाच्या डबीची नारंगी, आत विटेच्या रंगाचा मिशाळ वैमानिक. वैमानिकावरची पारदर्शक काच शेवटी बसवली. ती थिनरच्या वाफेनेही धुरकट होते हे आम्हाला ठाऊक झालं होतं, म्हणून तिला खळीऐवजी डिंक लावला.

दसऱ्यानंतरच्या सोमवारी भावाने शेडमधून सुट्टी घेतली. विमान बुटांच्या खोक्यात कापसावर ठेवलं आणि सायकलवरून केंद्रात गेला. मी बरोबर नव्हते. तिथे काय झालं ते त्याने संध्याकाळी सांगितलं. त्यातला वहीचा भाग आईने पाहिलेला आहे.

साहेब दक्षिणेकडचे होते. त्यांनी विमान हातात घेतलं, उलटं केलं आणि नखाने पंखा फिरवला. मग विचारलं, "ये ऑरेंज क्यों है?"

भावाने सांगितलं. नऊ भाग थिनरमध्ये धुतले, गेले, नवे केले.

"थिनर में क्यों धोया?"

"लोको में ऐसाच धोते, साब."

"पहले एक टुकडा टेस्ट नहीं किया?"

"पहले नहीं किया. बाद में किया."

"बाद में क्या टेस्ट किया?"

भावाने कंगवा, बटण, झाकण सगळं सांगितलं. साहेबांनी विचारलं, हे कुठे लिहिलं आहे का. बहिणीने लिहिलंय, असं भाऊ म्हणाला. साहेब म्हणाले, "लाओ."

तो सायकलवरून घरी आला तेव्हा मी शाळेत होते. आईला वाचता येत नव्हतं आणि भावाला कुठली वही ते आठवत नव्हतं. आईने माझ्या फळीवरच्या सगळ्या वह्या पिशवीत घालून दिल्या. त्यात बीजगणित होतं, इतिहास होता आणि निबंध होते. वही मराठीत असल्यामुळे साहेबांनी ऑफिसातल्या कारकुनाला बोलावून ती वाचायला लावली. कारकून हिंदी करून वाचत गेला. "कंगवा, दोन तास, काही नाही. बटण, दोन तास, काही नाही. आईची बांगडी, आईने दिली नाही." इथे कारकून हसला. साहेब हसले नाहीत. त्यांनी ते पुन्हा वाचायला सांगितलं, आणि मग हसले.

त्यानंतर त्यांनी काच काढता येते का ते विचारलं. डिंक असल्यामुळे ती निघाली. त्यांनी वैमानिकाकडे वाकून पाहिलं.

"ये मूँछ किसने लगाया?"

"कुंभारीन ने, साब. बोली, सबको रहता है."

मग साहेबांनी एक पितळी झडप समोर ठेवली. मुठीएवढी होती. कागद, पेन्सिल आणि फूटपट्टी दिली आणि म्हणाले, ही मधोमध कापली तर आत काय दिसेल ते काढ. झडप उघडायची नाही. भावाने ती कानाशी नेऊन हलवली, तोंडाने फुंकली, दोन्ही बाजूंनी काडी घालून काडीवर नखाने खुणा केल्या. दीड तास लागला. चित्र साहेबांनी ठेवून घेतलं. विमानही ठेवून घेतलं. वह्या परत दिल्या. "कळवू," एवढंच सांगितलं.

दिवाळी झाली. पत्र आलं नाही. नोव्हेंबर गेला. भाऊ सकाळी सहाला शेडमध्ये जात होता आणि दोनला परत येत होता. पोस्टमन गल्लीत शिरला की आई दारात येई आणि तो पुढे गेला की आत जाई. भावाने केंद्राकडे चौकशी केली नाही. मी विचारलं तेव्हा म्हणाला, "त्यांनी कळवू म्हनलंय. मी इचारीन म्हनलं न्हाई."

त्या दिवसांत तो वाटीतला वाळलेला लगदा कानशीने घासून त्यातून वाघ करायचा प्रयत्न करत होता. वाघ माझ्या संग्रहाला हवा होता. वाघाचा आकार मांजराच्या जवळ गेला.

पत्र डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आलं. इंग्रजीत, टंकलिखित, पाच ओळींचं. मी ते उभ्यानेच वाचलं. मॉडेल रूममध्ये मदतनीस म्हणून नेमणूक करण्यात येत आहे. नेमणूक तात्पुरती आहे. मुदत तीन महिने.

"तीन म्हईने?" आई म्हणाली. "नीट बघ. वरीस असंल."

मी पुन्हा वाचलं. तीन महिने होतं.

"आन् मंग?"

"मग लिहिलेलं नाही."

रेल्वेची जागा कायमची होती. सोडली तर परत मिळणार नव्हती. घरात दुसरा मिळवता नव्हता. हे तिघांनाही माहीत होतं.

"ती तुज्या बाची जागा हाय," आई म्हणाली.

"व्हय. बाची हाय." भाऊ पत्राची घडी घालत होता. "मी चार वर्सं बाच्या जागेवर रॉकेल चोळतोय."

"चोळतोयस म्हनून चूल पेटती."

"तीन म्हईने पेटंल. त्याच्या म्होरं मी बघतो."

"काय बघशील? इमान इकशील?"

"इमान त्यांच्याकडंच हाय."

आई उठून आत गेली. थोड्या वेळाने तिने आतूनच विचारलं, "तितं काम काय? बसून का उभ्यानं?"

"बसून. टेबलापाशी."

"आन् धुवायचं?"

"न्हाई."

आई हो म्हणाली नाही आणि नाहीही म्हणाली नाही. रेल्वेचा राजीनामा मी लिहिला. भावाने त्यावर सही केली आणि जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात शेडच्या ऑफिसात दिला. मिस्त्रीने त्याला विचारलं, पगार जास्त आहे का. सारखाच आहे, असं भावाने सांगितलं. मिस्त्री म्हणाला, "मग तू खुळा आहेस," आणि महिनाभर त्याला नाजूक भाग धुवायला दिले नाहीत.

१९६८ च्या फेब्रुवारीच्या पहिल्या तारखेला भाऊ मॉडेल रूममध्ये रुजू झाला. विमान साहेबांच्या खोलीत कपाटावर होतं. पहिलं काम त्याला दिलं ते त्याच पितळी झडपेचं: सागवानात, चौपट मोठी, मधोमध कापलेली, आतलं तोंड उघडझाप करणारं. त्याला सात आठवडे लागले. एप्रिलअखेर तीन महिने भरले तेव्हा मुदत आणखी तीन महिने वाढवल्याचं पत्र आलं. मुदत अशी चार वेळा वाढवली गेली. त्यानंतरचं पत्र १९६९ च्या मे महिन्यात आलं. त्यात मुदत लिहिलेली नव्हती.